घरपट्टीची विशेष नोटीस आली. हरकत कशावर घ्यायची, रकमेवर की मोजमापावर?

दुधनाकाठ
मंडळी, आमच्याकडं (जालना जिल्हा, तालुक्याचं गाव, नगरपरिषद) चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी होणाऱ्या) फेरआकारणीच्या नोटिसा वाटायलेत. नोटिशीत जुनं करयोग्य मूल्य, नवं करयोग्य मूल्य आणि हरकतीची शेवटची तारीख, एवढंच. नवा आकडा जुन्याच्या दुपटीवर गेलाय. वाढ कशामुळं झाली ते कुठंच लिहिलेलं नाही.
घराची माहिती (सगळी मापं फुटांत): 50 बाय 70 ची जागा. पुढं 30 बाय 40 चं स्लॅबचं घर, एकच मजला. त्यातच रस्त्याच्या बाजूला 10 बाय 12 ची शटरची खोली, सध्या ज्वारीची पोती ठेवायला. मागं जुनं माळवद (दगडमातीच्या भिंती, लाकडी सपाट छत) 16 बाय 20. कडेला 12 बाय 20 चं पत्र्याचं शेड, तिन्ही बाजूंनी उघडं.
गल्लीतले लोक म्हणतात, "वाढ अन्यायकारक आहे, कमी करा" असं लिहून द्या. तेवढ्यानं काम होतं का? जाणकारांनी नीट सांगावं.

पाटपाणी
शेवटची तारीख किती आहे ते आधी पाहा. बाकी सगळं त्यानंतर.

टिपणवही
दुधनाकाठ दादा, "अन्यायकारक आहे" एवढ्यानं काम होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेतलं तर पुढचा मार्ग सोपा होतो.
घरपट्टीचा हिशेब दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा मूल्याचा. बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले दरमहा भाड्याचा ठरवलेला दर गुणिले 12, हे झालं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. दुसरा टप्पा कराचा. त्या मूल्यावर सामान्य कर, स्वच्छता, दिवाबत्ती, वृक्ष कर, शिक्षण कर वगैरे टक्केवारीनं लागतात. टक्केवारी परिषद ठरवते, शिक्षण कर सरकारचा. सुनावणीत बसलेल्या अधिकाऱ्याला टक्के कमी करायचा अधिकार नसतो. त्यामुळं "कर जास्त आहे" म्हटलं की तो "नियमानुसार आहे" असा शेरा मारतो आणि पुढची फाईल घेतो.
त्याच्या हातात आहे ते तुमच्या घराचं मूल्य. हे मूल्य आकारणी यादीतल्या रकान्यांवर उभं असतं: मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर, बांधकामाचं वर्ष, आणि घर कोणत्या झोनमध्ये धरलंय. चूक असते ती यांतल्या एखाद्या रकान्यात. हरकत त्या रकान्यावर घ्यायची. "रकाना अमुक, यादीत असं आहे, जागेवर असं आहे, पुरावा सोबत." एवढं लिहिलं की अधिकाऱ्याला दुरुस्ती तरी करावी लागते, नाहीतर का करत नाही ते लिहावं तरी लागतं.
म्हणून उद्याच कार्यालयात जा आणि तुमच्या मालमत्ता क्रमांकाचा आकारणी यादीतला उतारा पाहा. यादी प्रसिद्ध झाल्यावर मालकाला ती पाहायला आणि त्यातून टिपून घ्यायला पैसे लागत नाहीत. माहिती अधिकाराच्या नादी लागू नका. तिथं उत्तराला 30 दिवस, आणि तेवढ्यात हरकतीची मुदत निघून जाते.

बालाघाट
टिपणवहीशी थोडा असहमत. एकेकट्यानं हरकती घेऊन काही होत नाही. सगळ्या वॉर्डानं मिळून निवेदन द्यावं, पेपरात बातमी लावावी. लोक एकत्र आले की वाढ स्थगित होते, असं बऱ्याच गावांत झालंय.

टिपणवही
बालाघाट भाऊ, निवेदन जरूर द्या. दर आणि टक्केवारीची लढाई सभागृहातच लढायची असते, ती तिथं सामुदायिकच हवी. पण निवेदन म्हणजे हरकत नव्हे. अधिनियमातली हरकत लेखी, मुदतीत, त्या मालमत्तेच्या मालकानं किंवा भोगवटादारानं, मालमत्ता क्रमांक घालून द्यायची असते. निवेदनाखाली दोनशे सह्या असल्या तरी त्यातल्या एकाचीही हरकत नोंदवहीत चढत नाही. पुढं अपिलात पहिला प्रश्न हाच येतो की मुदतीत हरकत घेतली होती का. तिथं निवेदनाचा कागद दाखवून भागत नाही.
आणि स्थगिती उठते तेव्हा ज्यांची हरकत नाही त्यांची यादी जशीच्या तशी कायम होते. दोन्ही करा.

अक्षरओळख
+1. निवेदन दिलं म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचंच नुकसान होतं.

हर्सूलवेस
हे नगरपरिषदेचं झालं. महानगरपालिकेत राहणाऱ्यांनी गल्लत करू नये, म्हणून वेगळं लिहितो. मराठवाड्यात आता पाच महापालिका आहेत: छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि 2023 पासून जालना. इथं 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो, आणि करआकारणीचे नियम त्याच्या अनुसूची 'ड' मधल्या प्रकरण 8 मध्ये आहेत. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना 1965 चा अधिनियम. नोटिशीवर कोणत्या अधिनियमाचं नाव आणि कलम छापलंय ते वाचा, हरकतीच्या विषयात तेच लिहा. जालना शहरातल्यांनी खास लक्ष द्यावं, कारण जुन्या कागदांवर 1965 चा उल्लेख असतो आणि लोक तोच उतरवतात.
महापालिकेत:
यादी तयार झाल्याची जाहीर सूचना निघते. घराची पहिल्यांदाच नोंद झाली असेल किंवा मूल्य वाढवलं असेल तर मालकाला स्वतंत्र लेखी विशेष नोटीस द्यावी लागते (नियम 15). वर्षाच्या मध्येच नोंद बदलायची असेल तर नियम 20 खाली नोटीस. नोटीसच न देता थेट वाढीव बिल आलं असेल तर तो स्वतंत्र मुद्दा आहे. हरकतीत तो पहिला लिहा.
हरकतीवर सुनावणी होऊन निर्णय आला आणि पटला नाही, तर कलम 406 खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं अपील. मुदत 15 दिवस. आधी आयुक्तांकडं हरकत घेतलेली असली पाहिजे, आणि मागणीची रक्कम जमा केलेली असली पाहिजे. या दोन अटींवर बरीच अपिलं दारातूनच परत जातात.

दुधनाकाठ
आमच्या नोटिशीवर 1965 आणि कलम 119 आहे. नगरपरिषदेत अपील कुठं?

हर्सूलवेस
119 म्हणजे हरकतीचीच नोटीस, बरोबर. ती हरकत प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकाऱ्यापुढं जाते. हा नगररचना विभागाचा अधिकारी असतो, नगरपरिषदेचा कर्मचारी नव्हे, हे ध्यानात असू द्या. त्याला तुमची गल्ली माहीत नसते, कागद आणि नकाशा दाखवूनच पटवावं लागतं. त्यानंतरचं अपील कलम 169 खाली मालमत्ता कर अपील समितीकडं. तिथंही बिल मिळाल्यापासून 15 दिवस, आधीची हरकत आणि रक्कम जमा या अटी आहेत.

ढाळज
दुधनाकाठ, तुमच्या माळवदाकडं आधी बघा. मला वाटतं निम्मी वाढ तिथंच सापडेल.
आता बहुतेक ठिकाणी जीआयएस सर्वेक्षण असतं. वरून घेतलेल्या चित्रावर छताची बाह्यरेषा आखतात, मग पोरं दारोदार फिरून बाकी रकाने भरतात. वरून माळवद आणि स्लॅब सारखेच दिसतात, दोन्ही सपाट, दोन्ही मातकट पांढरे. त्यातून लोकांनी गळतीसाठी वरनं सिमेंटचा थर दिलेला असतो. दार बंद असलं तर तो पोरगा बाहेरूनच 'आरसीसी' (सिमेंट-सळईचा स्लॅब) टिकमार्क करून जातो. माळवदाचा दर आणि आरसीसीचा दर यांत मोठा फरक असतो. दगडमातीच्या बांधकामाचा वर्गच वेगळा असतो.
पुरावा म्हणून बाहेरचा फोटो देऊ नका. आतून, उभं राहून वर बघत काढा. लाकडी खांब, तुळई, त्यावरची किलचण (तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्ट्या) दिसली पाहिजे. एक फोटो भिंतीच्या जाडीचा, दाराच्या चौकटीत टेप धरून. दोन-अडीच फुटांची दगडमातीची भिंत दिसली की आरसीसी म्हणायला जागाच राहत नाही. फोटोत माणूस किंवा टेप असावा, नुसत्या छताच्या फोटोवरून ते कुणाच्या घराचं हे कळत नाही.
वाडे असलेल्यांसाठी आणखी एक. मधला चौक उघडा असतो. बाह्यरेषा आखताना तो आतच धरला जातो. वाडा 60 बाय 80 असेल आणि चौक 20 बाय 20, तर 4,800 मधले 400 चौरस फूट आभाळाखालचे आहेत. त्यावर बांधकामाची आकारणी होऊ नये. आड, तुळशी वृंदावन, मागचं परसही तसंच.

ओसरी
ढाळज काका, किलचणीचा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नसतं. मनापासून आभार.

खडूफळा
माळवदाबरोबर छज्जाही बघा. वरून दिसतं ते छत, आणि छत भिंतीच्या बाहेर आलेलं असतं. 30 बाय 40 चं घर, चारी बाजूंनी 2 फुटी छज्जा, तर वरून 34 बाय 44 दिसतं. म्हणजे 1,200 ऐवजी 1,496 चौरस फूट. 296 जास्त, जवळजवळ 25 टक्के. दोन मजले असतील तर यादीत हा फरक दोनदा लागतो.
दर दरमहा दीड रुपया धरून उदाहरण: 1,200 × 1.50 × 12 = 21,600, वजा 10 टक्के = 19,440. तेच 1,496 वर 26,928, वजा 10 टक्के = 24,235. सगळे कर मिळून 30 टक्के धरले तर वर्षाला 1,438 रुपये नुसत्या छज्जापोटी. चार वर्षांचं चक्र आहे, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर.
मोजणी भिंतीच्या बाहेरच्या अंगानं, जमिनीलगत करा. टेप ताठ धरायला दोन माणसं लागतात. वहीत चौरस फुटांत लिहा आणि शेजारी चौरस मीटरमध्ये, कारण यादी मीटरमध्ये असते. 1 चौरस मीटर = 10.764 चौरस फूट.

पाटपाणी
खडूफळा सर, अभियंत्याकडूनच मोजून घ्यावं का?

खडूफळा
हरकतीला घरच्या घरी काढलेला कच्चा नकाशा पुरतो, फक्त सगळी मापं टाकलेली हवीत. हरकतीत "स्थळ पाहणी करून मोजमाप घ्यावे" अशी मागणी लेखी करा. मग पालिकेचा माणूस येऊन मोजतो, त्याच्या मोजणीवर सही करण्यापूर्वी आकडे वाचा. अपिलापर्यंत जायचं असेल तर मात्र परवानाधारक अभियंत्याचा सहीशिक्क्याचा नकाशा हवा.

मांजराखोरे
ग्रामपंचायतीत राहणाऱ्यांचं काय? तिथंही वाढीव बिलं आलीत.

तेरणाकाठ
मांजराखोरे ताई, ग्रामपंचायतीत पद्धत वेगळी आहे. तिथं 2015 च्या सुधारणेपासून भांडवली मूल्यावर आकारणी. सूत्र असं: (जमिनीचं क्षेत्रफळ × जमिनीचा वार्षिक मूल्यदर) + (इमारतीचं क्षेत्रफळ × बांधकाम दर × घसारा दर), आणि या सगळ्याला वापराप्रमाणं भारांक. निवासी 1, औद्योगिक 1.20, वाणिज्यिक 1.25. बघायचा कागद म्हणजे नमुना 8, आकारणीची नोंद. नमुना 9 हा मागणीचा, त्यात रक्कम असते पण कारण नसतं.
चूक बहुधा घसाऱ्यात असते. घराचं वय जितकं जास्त तितका घसारा जास्त धरायचा, म्हणजे मूल्य कमी. नमुना 8 मध्ये बांधकामाचं वर्ष कोरं असलं की घर नवं धरलं जातं.
लातूर-धाराशिवच्या भूकंप पुनर्वसनाच्या गावांत हे जास्त आढळतं. 1993 नंतर दिलेली घरं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची, जमीनधारणेप्रमाणं. पुढं लोकांनी त्याला खोल्या जोडल्या. नोंद करताना मूळ घर आणि जोड एकत्र धरून जोडाचं वर्ष सगळ्याला लावतात. हरकतीत दोन ओळी वेगळ्या मागा: मूळ घर, त्याचं क्षेत्रफळ आणि ताबा मिळाल्याचं वर्ष, जोड बांधकाम, त्याचं क्षेत्रफळ आणि वर्ष. ताबापत्र असेल तर तोच पुरावा.
हरकत ग्रामपंचायतीकडं, त्यावरचं अपील पंचायत समितीकडं, त्यापुढं जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं. बिल हातात पडताच लिहा, थांबू नका.

मांजराखोरे
ही माहिती गावच्या गटावर टाकते. धन्यवाद.

जायकवाडी
विषय निघालाच आहे तर गुंठेवारीचं (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटांवरच्या घरांचं) कुणी सांगेल का? बिलात 'शास्ती' म्हणून वेगळी रक्कम दिसते. ती उशिराची शास्ती आहे का?

हर्सूलवेस
दोन वेगळ्या शास्त्या असतात, आणि बिलात दोन्हीला एकच शब्द असल्यानं घोळ होतो. एक थकबाकीची. महापालिकेत ती मुदतीनंतर दरमहा 2 टक्क्यांनी चढते. दुसरी कलम 267 अ ची, विनापरवाना बांधकामाची. ही दरवर्षी करासोबत लागते. बिलात कोणत्या ओळीत आहे ते बघा. दर महिन्याला बदलत असेल तर पहिली, वर्षभर तीच असेल तर दुसरी.
गुंठेवारीचा अधिनियम 2001 चा, 2021 च्या सुधारणेनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं की करविभागाला ते आपोआप कळत नाही. नगररचनेची फाईल वेगळी, कराची वेगळी. प्रमाणपत्राची प्रत जोडून "267 अ ची शास्ती प्रमाणपत्राच्या दिनांकापासून वगळावी" असा अर्ज झोन कार्यालयात द्यावाच लागतो. आणि घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नाही, हेही स्पष्ट असू द्या.

दुधनाकाठ
उतारा टिपून आणला. जशाच्या तशा चार ओळी:
निवासी, आरसीसी, 127.83 चौ.मी., वर्ष 2015
अनिवासी, आरसीसी, 11.15 चौ.मी., वर्ष 2015
निवासी, आरसीसी, 29.73 चौ.मी., वर्ष 2015
निवासी, पत्रा, 22.30 चौ.मी., वर्ष 2015
घर 1996 चं आहे, माळवद त्याहून कितीतरी जुनं. ढाळज काका म्हणाले तसंच झालंय, माळवद आरसीसी धरलंय.

खडूफळा
आता प्रत्येक ओळ घेऊ.
127.83 अधिक 11.15 म्हणजे 138.98 चौ.मी., म्हणजे बरोबर 1,496 चौरस फूट. 34 बाय 44. छज्जासकट मोजलंय यात शंका नाही. खरं क्षेत्र 1,200 चौरस फूट, म्हणजे 111.48 चौ.मी. फरक 27.50 चौ.मी.
29.73 म्हणजे 320 चौरस फूट, 16 बाय 20. माप बरोबर, प्रकार चूक. आरसीसी नव्हे, दगडमाती आणि लाकडी छत.
22.30 म्हणजे 240 चौरस फूट. माप बरोबर. पण तिन्ही बाजूंनी उघड्या शेडला 'निवासी' धरलंय. जनावरं बांधायला किंवा कडबा ठेवायला वापरत असाल तर तसं लिहा. वापर निवासी नाही आणि भिंती नाहीत, हे दोन्ही मुद्दे वेगळे मांडा. ते पूर्ण वगळलं जाईलच असं नाही, पण दर खाली येऊ शकतो.
वर्ष सगळीकडं 2015. चारही ओळींना एकच वर्ष असणं हीच चुकीची खूण आहे. जुन्या नोंदीत वर्ष नसलं की संगणकात एकच आकडा भरून टाकतात.

टिपणवही
वर्षाच्या पुराव्यासाठी वीजबिल घ्या. महावितरणच्या बिलावर 'पुरवठा दिनांक' छापलेला असतो, तो जोडणीचा दिवस. घर त्या तारखेच्या आधी उभं होतं हे त्यातून दिसतं. सोबत जुनी घरपट्टीची पावती, जितकी जुनी मिळेल तितकी. बांधकाम परवानगी असेल तर उत्तमच.
तेच वीजबिल शटरच्या खोलीसाठीही कामाला येतं. तिथं स्वतंत्र व्यावसायिक मीटर नाही आणि घराचा एकच मीटर घरगुती वर्गवारीत आहे, हे बिलावरून दिसतं. अनिवासी वापराचा दर जास्त असतोच, शिवाय त्यावर रोजगार हमी कर लागतो, जो निवासी जागेला लागत नाही. शिक्षण कराचा दरही अनिवासीला जास्त. म्हणून 11.15 चौ.मी. ची ती लहान ओळ दिसते त्यापेक्षा महाग आहे.
मात्र प्रामाणिकपणे लिहा. सणासुदीला तिथं दुकान लावत असाल तर तसं आहे म्हणा. पाहणीला माणूस आला आणि आत काउंटर दिसला तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

बालाघाट
हे सगळं वाचून माझं मत थोडं बदललं. पण एक सांगा, हरकत चालू असताना पैसे भरायचे का? भरले म्हणजे मान्य केलं असं होणार नाही का?

अक्षरओळख
भरू नका. भरलं की संपलं.

हर्सूलवेस
अक्षरओळख, इथं मी ठाम विरोध करतो. भरल्यानं हरकत संपत नाही, न भरल्यानं शास्ती मात्र चढते, आणि अपिलाला तर रक्कम जमा असणं हीच अट आहे. भरताना सोबत पत्र द्या: "हरकत क्रमांक अमुक, दिनांक अमुक प्रलंबित असून हक्क राखून रक्कम भरत आहे; निर्णयानंतर जादा रक्कम पुढील मागणीत समायोजित करावी." त्या पत्राची पोच घ्या. पावतीवर क्लार्कनं तसा शेरा मारला तर सोन्याहून पिवळं.

अक्षरओळख
पटलं. पत्राशिवाय भरायचं नाही, असं म्हणू.

टिपणवही
याला जोडून लोकअदालतीबद्दल. थकबाकीदारांना राष्ट्रीय लोकअदालतीच्या नोटिसा येतात, शास्तीत सूट मिळते म्हणून लोक जातात. सूट खरी आहे आणि ज्यांचा मूळ आकड्याबद्दल वाद नाही त्यांनी जरूर जावं. पण तिथली तडजोड हा अंतिम निवाडा असतो, त्यावर अपील नाही. मोजमाप चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. नाहीतर चुकीच्या आकड्यावर स्वतःच सही केल्यासारखं होतं.

पिंपळगल्ली
आमच्या भागात बरीच घरं अशी आहेत की मुलं पुण्यात, आईवडील गावी. सुनावणीला कोण जाणार? आणि एकाच घराची दोन बिलं येतात, त्याचं काय?

तेरणाकाठ
सुनावणीला मालकाचं अधिकारपत्र घेऊन घरातलं कुणीही जाऊ शकतं. सोबत मालकाच्या आणि जाणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. न्यायालयातल्या अपिलाला वकीलपत्र लागेल. हरकत पुण्याहून स्पीड पोस्टानं पाठवली तरी चालते, पण ती शेवटच्या तारखेच्या आत *पोचली* पाहिजे, टाकलेली तारीख धरत नाहीत असं समजूनच पाठवा.
सुनावणीला कुणीच गेलं नाही तर बहुधा "गैरहजर, आकारणी कायम" असा शेरा पडतो. तारीख जमत नसेल तर आधीच लेखी मुदत मागा.
दोन बिलं म्हणजे दुबार नोंद. सर्वेक्षणात घराला नवा क्रमांक दिला जातो आणि जुना रद्द होत नाही. दोन्हीवर मागणी चढत राहते. यावर हरकत वेगळी द्या: दोन्ही मालमत्ता क्रमांक, दोन्ही बिलं, सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक, आणि "जागेवर एकच घर आहे, पाहणी करून क्रमांक अमुक रद्द करावा" अशी मागणी. जुन्या क्रमांकावर भरलेल्या पावत्या नव्यावर वर्ग करायलाही त्याच अर्जात सांगा.

सैनिकपुत्री
एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. माजी सैनिकांना आणि शहीदांच्या पत्नींना 2020 च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सैनिक सन्मान योजनेखाली एका निवासी घराची घरपट्टी माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. हे हरकतीत नाही, वेगळ्या अर्जात मागायचं.

दुधनाकाठ
सगळ्यांचं वाचून मसुदा केलाय, एकदा नजर टाका.

"प्रति, मा. मुख्याधिकारी / प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकारी. विषय: मालमत्ता क्र. ___ बाबत कलम 119 अन्वये हरकत. संदर्भ: विशेष नोटीस क्र. ___ दि. ___.
1) आरसीसी घराचे क्षेत्र यादीत 138.98 चौ.मी. (127.83 + 11.15) आहे. त्यात छज्जा धरला आहे. भिंतीच्या बाहेरील मापाने ते 111.48 चौ.मी. आहे. नकाशा जोडला आहे.
2) 29.73 चौ.मी. चे बांधकाम आरसीसी नसून दगडमातीच्या भिंती व लाकडी छताचे माळवद आहे. आतील छायाचित्रे जोडली आहेत.
3) 11.15 चौ.मी. ची खोली घरगुती धान्य साठवणीसाठी वापरात आहे. वीजबिल जोडले आहे.
4) 22.30 चौ.मी. चे शेड तीन बाजूंनी उघडे असून निवासी वापरात नाही.
5) बांधकामाचे वर्ष सर्वत्र 2015 नोंदले आहे. घर 1996 चे व माळवद त्यापूर्वीचे आहे. जुन्या पावत्या व वीजबिल जोडले आहे.
तरी स्थळ पाहणी करून वरील नोंदी दुरुस्त कराव्यात व त्यानुसार करयोग्य मूल्य नव्याने काढावे. सुनावणीची तारीख लेखी कळवावी."

ढाळज
चांगला झालाय. फोटोंच्या मागं मालमत्ता क्रमांक, तारीख आणि कुठली खोली ते लिहा, सही करा. सुटे फोटो फाईलमधून गळतात.

टिपणवही
मसुदा योग्य. तीन किरकोळ गोष्टी. विषयात नोटिशीवरचाच मालमत्ता क्रमांक आणि त्याखाली जुना क्रमांकही लिहा. घर ज्याच्या नावावर यादीत आहे त्याचीच सही हवी. नाव वडिलांचं असेल आणि ते हयात नसतील तर वारस म्हणून सही करा आणि नाव बदलाचा अर्ज वेगळा लावा. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जोडलेल्या कागदांची संख्या तुमच्या प्रतीवर लिहून घ्या.

पाटपाणी
आणि ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी नको. त्या दिवशी रांग असते, शिक्का मारायला माणूस नसतो.

दुधनाकाठ
उद्याच देतो. निकाल बाजूनं लागला तर आणखी काही करायचं असतं का?

खडूफळा
असतं, आणि हेच बहुतेकजण सोडून देतात. निर्णय सुनावणीच्या नोंदवहीत लिहिला जातो, बिल मात्र संगणकातून निघतं. दोन्हीमध्ये माणूस असतो. आदेशाची सहीची प्रत मागून घ्या. यादी कायम झाल्यावर पुन्हा एकदा उतारा काढा आणि चारही ओळी ताडून पाहा: 111.48 आलं का, माळवदाचा प्रकार बदलला का, वर्ष 1996 झालं का. क्षेत्र बदललं पण वर्ष तसंच राहिलं, असं फार होतं. बिल जुन्याच आकड्यानं आलं तर आदेशाची प्रत जोडून त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण अपिलाचे 15 दिवस बिलापासून मोजले जातात.